पोटाचे नऊ भाग

दिघाशी, २४ जुलै २०२५

सुरैया,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. तू मला फोनवर ब्लॉक केलंस म्हणून हे कागदावर. म्हसळ्याला तुझ्या खालाच्या घरचा पत्ता तुझ्या बहिणीकडून, शाहीनकडून घेतला. तिनेही तोंड वाकडं करूनच दिला.

आधी मुद्द्याचं लिहिते. माझ्या पोटात दुखतं. नर्सिंग स्कूलला आपण एका बाकावर बसायला लागलो तेव्हापासून दुखतं. कमळा सिस्टरनी पोट शिकवताना फळ्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारल्या होत्या. पोटाचे नऊ भाग. म्हणाल्या होत्या, पेशंट नुसतं 'पोटात दुखतंय' म्हणाला तर तसंच लिहून घेऊ नका, कुठल्या घरात दुखतंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. मी स्वतःच्या पोटावर बोट ठेवून बघितलं. वरच्या ओळीतलं मधलं घर, बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली. तिथे जठर असतं, यकृताचा थोडा भाग असतो, आणि तुझे ॲनाटॉमीचे मार्क असतात.

पन्नासपैकी सत्तेचाळीस. माझे एकोणतीस. पुस्तक एकच होतं, तुझंच, रंगीत चित्रांचं, तुझ्या गुलाम हुसेनचाचांनी तुला आणून दिलेलं. त्याला खाकी कव्हर मी घातलं होतं. एकाच पुस्तकातून तुझ्या डोक्यात दोनशे सहाच्या दोनशे सहा हाडं गेली आणि माझी मनगटापाशी येऊन सांडली. मनगटाची आठ हाडं मला अजूनही ओळीने सांगता येत नाहीत. तू ती स्कार्फला पिन लावता लावता म्हणून दाखवायचीस.

तू गेलीस म्हणून मी रडत असेन असं वर्गाला वाटतं. मी रडत नाही. तू तुझ्या सहीमुळे गेलीस. एकोणीस जूनला भिवंडीत पॉवरलूमच्या चाळीत आपल्या स्कूलचं शिबिर होतं. मुदस्सिर नावाच्या लूम कारागिराच्या फॉर्मवर 'फिट येतात' असं लिहिलं गेलं. त्याला खोकल्याच्या यादीऐवजी फिटच्या यादीत टाकलं. त्यामुळे थुंकी तपासायची डबी त्याला मिळालीच नाही, फिटच्या डॉक्टरांची पंचवीस दिवसांनंतरची तारीख मिळाली. त्या तारखेला, चौदा जुलैला, तो आला तेव्हा रुमालात रक्त होतं. टीबी. त्याच्या खोलीत अजून पाच माणसं झोपतात.

फॉर्मखाली सही तुझी. जोडीतली एक विचारते, दुसरी लिहिते आणि विचारणारीने सही करायची, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. आपल्या जोडीत तू विचारायचीस, कारण तुला हिंदी येतं. मी लिहायचे, कारण माझं अक्षर चांगलं. कमळा सिस्टरनी तुझ्याकडून खुलासा लिहून घेतला आणि चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. त्यात मी काय करणार होते?

वीस ऑगस्टच्या आत चौकशी मिटली नाही तर तुझा परीक्षेचा फॉर्म जाणार नाही, वर्ष वाया जाईल, असं आज ऑफिसात बोलणं चाललं होतं. तुला कळवावं म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

धम्मदिना


दिघाशी, २ ऑगस्ट २०२५

सुरैया,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला माहीत होतं, तरी दोनदा पोस्टमनला विचारलं.

तू नाहीस तरी बाकावरची जागा तूच अडवून बसली आहेस. परवा कमळा सिस्टरनी हृदयाचा तक्ता पुन्हा भिंतीवर लावला. तो तक्ता मी काढला होता. अशुद्ध रक्त निळं, शुद्ध रक्त लाल, कप्प्यांच्या भिंतींची जाडी कुठे कमी कुठे जास्त, सगळं मी. तू फक्त शेजारी बसून सांगत होतीस, "डावीकडची भिंत जाड कर, धम्मू. तिला सगळ्या अंगाला रक्त ढकलायचंय." खाली नाव मात्र तुझं, कारण तक्त्याचं काम तुझ्या रोल नंबरला आलं होतं. आता नवीन कोणी आलं की सिस्टर तक्त्याकडे बोट करून म्हणतात, ही आमची सुरैया. घरी बसवलेल्या मुलीबद्दल कोणी असं बोलतं का?

सीनिअर वर्गात आल्या की आपण उभं राहून 'गुड मॉर्निंग दीदी' म्हणायचो, ते अजून चालू आहे. वयाने लहान असली तरी एक वर्ष पुढे असेल तिला दीदी म्हणायचं. तू कानात म्हणायचीस, "एकच वर्ष. मग आपण दोघी खुर्चीत बसून अशी मान हलवायची." आणि नव्या नवरीसारखी मान हलवून दाखवायचीस. मला हसू यायचं. त्या दिवसांत पोटात दुखायचं थांबायचं, हेही लिहून ठेवते.

आणि घरी काय चाललंय ते ऐक. भाकऱ्या करता करता आई विचारते, "ती सुरैया कवा येल? लय दिस झालं, न्हाय आली."

"तिचा अभ्यास हाय."

"तुजा न्हाय का मंग?"

भाऊ मिथुन तर तिच्याही पुढचा. तो काल्हेरच्या गोडाउनला पॅकिंगला जातो, सकाळी निघताना गोळी घेतो आणि मला सांगतो, "सुरैयाला बोल, घेतली म्हणून." त्या गोळीसाठी मी आठ वर्षं त्याच्या मागे ओरडत होते. तू मार्चमध्ये एका रविवारी दिघाशीला आलीस, त्याला अंगणात झटका आला, आणि सगळं तुझं झालं. शेजारची ठमाबाई कांदा फोडत होती. मी, त्याची सख्खी बहीण, पाच महिने नर्सिंग शिकलेली, त्याच्या नाकाला लावायला चप्पल शोधत होते. तू माझ्या हातातली चप्पल खाली ठेवलीस. "कुशीवर करा त्याला. तोंडात काही घालू नका. मागे सरा." मग मनगटावरच्या घड्याळात बघत बसलीस. दोन मिनिटं दहा सेकंद. तो उठला तेव्हा त्याला आधी तू दिसलीस.

आमच्याकडे त्याला फेफरं म्हणतात. पुस्तकात एपिलेप्सी आहे, फॉर्मवर फिट आहे, पण मी तीन वर्षांची असल्यापासून हा एक शब्द आमच्या घरात राहायला आहे. कोणी नुसता कुजबुजला तरी मला ऐकू येतो. तुला हे माहीत आहे, म्हणून लिहिलं.

बकरी ईदला मी तुमच्याकडे आले होते, तिथेही सगळं तुझंच झालं. सगळ्यांनी बिर्याणीसाठी बोलावलं आणि तू मला मोरीपाशी नेऊन बकऱ्याचं हृदय उभं कापून दाखवलंस. चार कप्पे, झडपांचे ते दोरे. मूत्रपिंड तळहातावर ठेवलंस, म्हणालीस, मूठ मिटून बघ, माणसाचंसुद्धा साधारण एवढंच असतं. अजून काय काय दाखवलंस, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. मी घरी गेले आणि वहीत काहीच लिहिलं नाही. तुझ्याकडून शिकलेलं वहीत लिहायला मला कमीपणा वाटायचा.

धम्मदिना


भिवंडी, ९ ऑगस्ट २०२५

सुरैया,

आज तो मुदस्सिर भेटला. टीबीच्या गोळ्यांसाठी येतो. डोळे खोल गेलेत, पण चालत येतो. मला बघून त्याने काय विचारलं असेल? "वो लंबी वाली सिस्टर नहीं आती अब?" चौदा जुलैला त्याला एक्सरेला घेऊन तू गेली होतीस, डबी हातात देऊन 'खोल श्वास घेऊन मग खोका' हे तू समजावलं होतंस. म्हणून त्याला तू हवीस. ज्याच्या फॉर्मवर तुझी चुकीची सही आहे, त्यालासुद्धा तूच हवीस. मी म्हटलं, छुट्टी पर है.

मग दिवसभर मला कसंतरीच होत राहिलं. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. शिबिरात त्याला तू विचारलं नव्हतंस. मी विचारलं होतं.

बायकांच्या रांगेत बुरख्यातल्या दोघीतिघी बीपी मोजू देईनात म्हणून तुला तिकडे बोलावलं. तू जाताना म्हणालीस, "मी येईपर्यंत थांब, धम्मू." तेच मला लागलं. मी काय तुझी पिशवी आहे, बाकावर ठेवून गेलीस की तिथेच राहायला? तीन माणसं रांगेत होती. मी पहिल्याला बसवलं.

तो म्हणाला, "सिस्टर, फेफरा खराब है हमारा. दौरा उठता है तो साँस नहीं आता."

मी विचारलं, "गिरते हो क्या?"

"हाँ, एक बार मशीन के पास गिर गए थे."

बस. मला पुढे काही ऐकू आलं नाही. मला आमचं अंगण दिसलं. त्या दिवसापर्यंत मला वर्गात जे जे माहीत होतं ते तुला माझ्या आधी माहीत होतं. ही एकच गोष्ट अशी, जी मी पुस्तकाशिवाय ओळखत होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "डरो मत. मेरे भाई को भी है. गोली लेने से ठीक रहता है." त्याने मान हलवली. मी छान अक्षरात लिहिलं: फिट येतात.

त्याच्या गावाकडे, मधुबनीकडे, फेफड्याला फेफरा म्हणतात, हे मला कोण सांगणार होतं? फुप्फुस बिघडलंय, खोकल्याची उबळ आली की श्वास घेता येत नाही, असं तो सांगत होता आणि मला फेफरं ऐकू आलं. ही ऐकण्यातली चूक आहे, कोणाचीही होईल. संध्याकाळी तू साठ फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेतलास आणि माझ्याशी बोलत बोलत सह्या करत गेलीस. एकही वाचला नाहीस. माझं अक्षर दिसलं की तू कधीच वाचायची नाहीस. यात अर्धी चूक तुझी आहे, मी उगीच सगळी माझ्या अंगावर घेणार नाही.

आता सगळं सांगून झालं.

धम्मदिना


दिघाशी, १४ ऑगस्ट २०२५

सुरैया,

तुझं कार्ड आलं. एका महिन्यात एक ओळ. "जठर, हाडं, हृदय, मूत्रपिंड झालं. श्वसनसंस्था राहिली."

खाली नाव नाही, ख्यालीखुशाली नाही. ते कार्ड घेऊन मी दोन दिवस फिरते आहे. पहिल्यांदा राग आला. पत्र आहे का तोंडी परीक्षा? मग पोटातल्या त्या मधल्या घरात असं दुखलं की जेवले नाही. तुला माहीत होतं. मी तीन पत्रांत कुठल्या जागेला वळसा घालून जाते आहे, ते तू म्हसळ्याला बसून बोट ठेवून दाखवलंस.

लिहिते. श्वसनसंस्था.

माणसाला दोन फुप्फुसं. उजव्याला तीन खंड, डाव्याला दोनच, कारण डावीकडे हृदय बसलेलं असतं आणि फुप्फुसाला सरकून घ्यावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, मी ते डावं. तू शेजारी बसलीस की माझी जागा आपोआप कमी होते. असलं काहीबाही वाटत राहायचं म्हणूनच माझे मार्क एकोणतीस.

ते मार्क शिबिराच्या दुसऱ्या दिवशी लागले. शुक्रवारी, वीस जूनला. बावीस जूनला, रविवारी दुपारी, मी जर्नलमध्ये फुप्फुसं रंगवत होते. गुलाबी पेन्सिलीने उजव्याचा वरचा खंड भरला आणि मला तुमची मोरी आठवली. तू बकऱ्याची फुप्फुसं धुऊन परातीत ठेवली होतीस, चपटी, काळपट. मग भावाचा सायकलचा पंप आणलास, श्वासनळीत नळी घातलीस आणि दट्ट्या दाबलास. ती फुगली. परातीबाहेर आली, गुलाबी झाली, आणि मी ओरडले. आतून तुझी अम्मी म्हणाली, "अगं फेफडा हाय तो, सायकलचा टायर न्हाय." आपण किती हसलो.

फेफडा. शिबिराच्या बारा दिवस आधी, ईदला, मी तो शब्द ऐकला होता, डोळ्यांनी बघितला होता. फक्त वहीत लिहिला नव्हता, कारण तो तुझ्याकडून आला होता.

पेन्सिल माझ्या हातातच राहिली. त्या माणसाने खोकून खोकून शर्टाची बाही तोंडावर धरली होती, तेही आठवलं. किती दिवस खोकला, हा रकाना मी कोरा ठेवला होता, तेही. मला सगळं कळलं, सुरैया. चौदा जुलैला नाही. बावीस जूनला, दुपारी तीनच्या सुमाराला. तो तेव्हा नुसता खोकत होता. डबी दिली असती तर तीन दिवसांत निदान झालं असतं.

मी फोन हातात घेतला. तुझाच मेसेज वर होता, शुक्रवारचा: "पुढच्या टेस्टला तुझे पण येतील बघ." ते वाचलं. मनात आलं, सही तिची आहे. एकदा तरी तिचं चुकू दे. शब्दसुद्धा हेच होते, एकही बदललेला नाही. फोन पालथा ठेवला आणि डावं फुप्फुस रंगवायला घेतलं.

त्यानंतर बावीस दिवस मी रोज तुझ्या शेजारी बसले. तुझ्या डब्यातलं खाल्लं. रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि रोज तू काहीतरी पटकन सांगून टाकायचीस, सिस्टर तुझ्याकडे बघून हसायच्या, आणि उद्या परवावर जायचा. चौदा तारखेला तो रक्ताचा रुमाल घेऊन आला, कमळा सिस्टरनी फॉर्म काढला, तू फॉर्म बघितलास, मग माझ्याकडे बघितलंस. मी जमिनीकडे बघितलं. तू काय बघत होतीस ते मला तेव्हाच कळलं होतं.

वीस तारखेला फॉर्मची मुदत संपते. उद्या पंधरा ऑगस्ट, परवा गोपाळकाला, मग रविवार. सोमवारी कमळा सिस्टरकडे जाईन असं लिहिते आहे. 'गेले' असं लिहिता आलं तरच पुढचं पत्र टाकीन.

धम्मदिना


भिवंडी, १८ ऑगस्ट २०२५

सुरैया,

गेले.

कमळा सिस्टर हजेरीचे तक्ते भरत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बावीस जूनसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. मी संपल्यावर म्हणाल्या, "पोरी, फेफरा ऐकून फिट लिहिणारी मुलगी भिवंडीच्या बाजारात वाढलेली असूच शकत नाही. मी तो फॉर्म वाचला तेव्हाच मला कळलं, हे कान कुठल्या गावचे ते."

"मग सुरैयाला का घरी बसवलं?"

"सही तिची होती. आणि तिने ती नाकारली नाही." त्यांनी फाइलमधून तुझा खुलासा काढून समोर ठेवला. दोन ओळी. 'मी हा फॉर्म न वाचता सही केली. वाचला असता तर चूक माझ्या लक्षात आली असती.' मी तो तीनदा वाचला. त्यात एकही शब्द खोटा नाही आणि माझं नावही नाही. तुझ्या वाटणीची चूक जेवढ्यास तेवढी, तोलून घेतल्यासारखी. मी सहा पानं लिहिली तरी मला ते जमलं नव्हतं. लाज वाटायच्या आधी मला पुन्हा तुझा हेवा वाटला, हे खरं ते सांगते. लाज नंतर वाटली, जिन्यात.

मुदस्सिरच्या खोलीतल्या पाच जणांपैकी एकाला टीबी निघाला आहे, हेही सिस्टरनी सांगितलं. मला बसायला खुर्ची दिली नाही, ते बरंच झालं.

मग त्यांनी मला त्यांच्यासमोर मुदस्सिरभाईला सांगायला लावलं. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की चूक त्या लंब्या सिस्टरची नव्हती, माझी होती, आणि नंतर कळूनही मी गप्प बसले. वाटलं, तो शिव्या देईल. त्याने गोळ्यांचं पाकीट उचललं. मग म्हणाला, "हमको लगा आप जानती हैं. इतना प्यार से बोलीं, तो हम हाँ बोल दिए." आणि गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी आज झोपले असते.

तुझा फॉर्म उद्या जातो आहे. शाहीनला सांगितलं आहे, तू मंगळवारी सहीला ये. माझा फॉर्म यंदा जाणार नाही. पहिलं वर्ष पुन्हा, नव्या मुलींबरोबर. शिवाय मुदस्सिरभाईचा कोर्स पुरा होईपर्यंत रोज गोळी त्याच्या तोंडात गेलेली बघायची ड्युटी माझी. आईला शनिवारीच सांगितलं होतं. तिने तवा उतरवून ठेवला आणि म्हणाली, "मंग ती पोरगी महिनाभर तुज्यापायी घरात बसली?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. मिथुन बोलतो, पण बाहेरच्या माणसाशी बोलल्यासारखा.

मंगळवारी मी शाळेत नसेन. मुद्दाम.

धम्मदिना


भिवंडी, १० नोव्हेंबर २०२५

सुरैयादीदी,

नियम आहे म्हणून असं लिहिलं. हे पत्र टपालात टाकणार नाही, तुझ्या खुर्चीत ठेवणार आहे.

नव्या बॅचमध्ये मी सगळ्यांत मोठी. सकाळी तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुली आत आलात, आम्ही उभे राहिलो, आणि 'गुड मॉर्निंग दीदी' म्हणताना माझा आवाज इतरांच्या मागे एक शब्द राहिला. तू मान हलवली नाहीस. आपण ठरवली होती तशी, नव्या नवरीसारखी तर नाहीच. तू सरळ जाऊन भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याखाली बसलीस. तक्त्यावर आता दोन नावं आहेत. दुसरं कोणी लिहिलं ते मी विचारलं नाही, पण माझ्या नावातला 'ध' असा उलटा वळवणारी मला एकच माहीत आहे.

मुदस्सिरभाईचं वजन चार किलोने वाढलं. खोकला जवळजवळ नाही. त्याच्या खोलीतला दुसराही गोळ्यांवर आहे, त्यालाही मीच देते. आज महिन्याचा फॉर्म होता. मी विचारलं, मीच लिहिलं आणि विचारणारीच्या जागी सहीसुद्धा माझी केली. तक्रार कशाची, या रकान्यात त्याने सांगितलं तसं 'फेफरा' लिहिलं आणि पुढे कंसात 'फेफडा, फुप्फुस' लिहिलं. खोकला किती दिवस, तो रकाना भरला. मग नव्या नियमाप्रमाणे फॉर्म तपासणीला सीनिअरकडे नेला, आणि टेबलापाशी तू होतीस.

तू फॉर्म घेतलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. पहिल्या ओळीपासून वाचायला लागलीस, बोट ठेवून. नाव, वय, गाव, वजन. गोळ्यांच्या तारखा मोजल्यास. मागे उलटून कोऱ्या बाजूलासुद्धा बघितलंस. मी तिथे उभी राहून घड्याळ बघत होते, तू मिथुनच्या वेळी बघितलं होतंस तसं. चार मिनिटं. मग तू सही केलीस आणि म्हणालीस, "बरोबर आहे." चार महिन्यांनी तू माझ्याशी बोललेले हे दोन शब्द.

बरोबरच आहे. तू वाचायलाच हवं. पण मी बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा पोटात दुखत होतं, त्याच घरात, मधल्या. मला वाटलं होतं आता काही उरलं नसेल जळायला. तुझे मार्क आता मला खुपत नाहीत. आई तुझं नाव घेते तेही नाही. आता मला हेवा वाटतो तो एकाच मुलीचा, एकोणीस जूनच्या संध्याकाळी तुझ्या शेजारी बसलेल्या. तिचं अक्षर बघून तू साठ फॉर्मांवर न वाचता सह्या केल्या होत्यास.

धम्मदिना
प्रथम वर्ष